दहा सेकंद थांबायचं

नाही, लेकीसाठी दुसरा व्हिडिओ करणार नाही म्हणजे नाही, असं मुख्याध्यापिकाबाईंना तोंडावर सांगितलं मी... मान सरळ ठेवा, वस्तरा आहे हातात... आणि बाकावरच्यांनो, तुम्हीही ऐका, तुमचा नंबर यायला वेळ आहे. तुम्हीच सांगा, माझ्या लेकीचं काय चुकलं?

धाकटी माझी, नऊ वर्षांची, स्वमग्न. चित्रं अशी काढते की बघत राहावं, पण माणूस समोर आला की काय बोलायचं ते तिला उमगत नाही. तिला शिकवणाऱ्या बाई, फार गुणी बाई, म्हणाल्या, घरी छोटासा व्हिडिओ करा, कोणी आलं की काय म्हणायचं ते करून दाखवा, ती रोज बघेल आणि अगदी तसंच करेल. अगदी तसंच! तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

केला. इथेच, याच खुर्चीपाशी. बायकोने मोबाइल धरला, मी हसलो, ‘या, बसा. कसे आहात?’ आणि मग बायकोला, कपाळाला आठी घालून, ‘झालं का? बंद कर आता.’ ते शेवटचं कापायचं राहिलं. लेकीने महिनाभर बघितला, रोज वीस वेळा.

मग मुख्याध्यापिका वर्गात आल्या. ही इथे राहणार की वेगळ्या शाळेत जाणार, त्याच दिवशी ठरायचं. मलाही बोलावलं होतं, दाराशी उभा होतो. लेक उठली, हसली, ‘या, बसा. कसे आहात?’ अहो, डोळ्यांत पाणी आलं माझ्या, नऊ वर्षांत पहिल्यांदा! पण मुख्याध्यापिकाबाई थांबतायत कुठे? कोणी शिकवलं, आवडते का शाळा, डबा खाल्लास का, इकडे बघ, बघ ना... एका दमात सगळं! लेकीने ऐकून घेतलं आणि आठी घालून म्हणाली, ‘झालं का? बंद कर आता.’

सांगा, काय चुकलं? मागे उभ्या असलेल्या शिक्षिका छताकडे बघत होत्या, कित्येक वर्षांचं त्यांच्या मनातलं कोणीतरी बोललं होतं! बाई मात्र लालबुंद. म्हणाल्या, उद्धट आहे, नवा व्हिडिओ करा, नाहीतर दुसरी शाळा बघा. मी म्हटलं, करतो, पण तिच्यासाठी नाही, तुमच्यासाठी!... बोलू नका हो, कापेल...

एक प्रश्न विचारायचा आणि दहा सेकंद गप्प राहायचं. लेक तेवढ्यात उत्तर शोधते, एवढंच तर आहे. पण दहा सेकंद गप्प, आणि मी? चौदा वेळा फसलं. शेवटी बायको म्हणाली, ‘अहो, दातांत कंगवा धरा.’ धरला, तेव्हा कुठे जमलं.

आणि मानलं पाहिजे बाईंना! सोमवारी वर्गात आल्या, एकच प्रश्न, ‘आज काय काढलंस?’, आणि दातांत पेन धरून उभ्या राहिल्या. दहाव्या सेकंदाला लेक म्हणाली, ‘बाबांची खुर्ची.’ शाळा तीच राहिली!

लेक शिकली, बाई शिकल्या. राहिलं कोण? काल लेक मला काहीतरी सांगत होती, मी मध्येच सुरू झालो, तर तिने तोच, बाईंसाठी केलेला व्हिडिओ लावून माझ्यापुढे ठेवला. शेजारी कंगवा. बघतोय आता, रोज वीस वेळा.

झाली दाढी. हं, तुम्ही मघापासून काय सांगत होतात? बोला, मी थांबतो... सात... आठ... नऊ...

मिशी ठेवायची होती होय?