काकूंचा उशीर

(रुद्रेशची रेकॉर्डिंगची खोली. रेवणप्पांचं भजन आधी घेतलंय; त्यावर त्यांच्या बायकोचा, उमाबाईंचा, आवाज आत्ताच घेऊन रुद्रेशनं दोन्ही एकत्र ऐकवलेत.)

रेवणप्पा : परत मागं पडलीस. ऐक की स्वतःच. माझी ओळ संपती, अन् मग तुझी शेपूट ऐकू येती.

उमाबाई : तुमच्या आवाजाबरोबरच उचलती मी. कानात तुमीच तर हाव.

रेवणप्पा : वय झालं तुझं, दुसरं काय! श्रावणात वैजनाथाला गर्दी व्हायच्या आत कॅसेट दुकानात मांडायची हाय. तुझ्या जागी धाकट्या भावाची रुचिका म्हणल. सकाळीच निरोप धाडलाय.

उमाबाई : अस्सं! मला न विचारता? लगीन झाल्यापासून देवळात तुमच्या मागं म्हणतीय, अन् आता घरी बसू व्हय?

रुद्रेश : काका, काकूंचा दोष न्हाई. किती डाव सांगू? काकू वेळेवरच म्हणतात. आवाज माइकातून कंप्युटरात जातो, मग त्याची नोंद होती. त्यात उशीर होतो.

रेवणप्पा : मग माझा आवाज कसा वेळेवर?

रुद्रेश : तुमी आधी एकटेच म्हणलात. एकट्याचा उशीर कुणाशी मोजणार?

रेवणप्पा : उगं काकूची बाजू घेऊ नको बे. लाईट जायच्या आत उरक.

रुद्रेश : मग तुमीच बसा. घ्या, हा हेडफोन. तुमच्याच आवाजावर टाळ धरा.

(रेवणप्पा मान डोलवत ठसक्यात टाळ वाजवतात. रुद्रेश दोन्ही एकत्र ऐकवतो. प्रत्येक ठोका आवाजाच्या मागून पडतो. उमाबाई तोंडाला पदर लावतात, पण हसू काही आवरत नाही.)

रेवणप्पा : ह्या मशीनला काय धाड भरली? मी बरोबर वाजवलंय.

उमाबाई : बगा. मी मागं पडले की माझं वय झालं. तुमी पडलाव की मशीनला धाड भरली.

रेवणप्पा : तसं न्हाई गं...

उमाबाई : तसंच हाय. रुद्रेश, ह्याला इलाज काय?

रुद्रेश : सोपा हाय. नंतर घेतलेला आवाज जरासा पुढं ओढायचा. मघापासून तेच सांगतोय, पण काका बोलू देतील तर! हे घ्या, तुमचा टाळ ओढला. ऐका आता.

रेवणप्पा : ...जुळलं की. देवळातल्यासारखं. बरं, रुचिकाला नको म्हणून कळवतो.

उमाबाई : येऊ द्या पोरीला, टाळ धरील. रुद्रेश, हे समदं पुस. नव्यानं घेऊ.

रुद्रेश : कावून, काकू? जुळलंय ना.

उमाबाई : ह्या खेपेला आधी मी एकटी म्हणते. हे मागनं येतील.