म्हात्रे सरांची पिवळी पावडर

मंडळी, सरांच्या शोकसभेला रोह्याहूनसुद्धा आलात, रामवाडी तर सगळीच दिसतेय. मला नीट बोलता येणार नाय. उभा राहिलोय, एवढंच.

सर शाळेतून रिटायर झाल्यावर घरामागच्या शेडमध्ये बसायचे. मी गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करणारा, दहावीला अडकलेला, तिथं चहाला जायचो. आमच्या पांढऱ्या रंगात जी पावडर असते, टायटॅनियम डायऑक्साइड, तिच्यामागं सर लागले होते. म्हणायचे, "अरे, ही उन्हात रंगाचं पाणी साफ करते. पण हिला उन्हातले न दिसणारे किरणच लागतात. दिसणारा उजेड ताटात तसाच टाकते. लाडावलेली कार्टी!" म्हणून ते युरिया घालून ती भट्टीत तापवायचे. पिवळी व्हायची. काकी ओरडायच्या, "आवो, शेतातला युरिया घरात कशाला जाळताय?" ती भट्टी मीच डोलवीच्या भंगारातून आणलेली, टेंपोवाला वाटेत जेवायलाच बसला... जाऊ दे.

पिवळी पावडर नुसत्या दिसणाऱ्या उजेडावर चालावी. एवढाच त्यांचा हट्ट.

एक दिवस सरांनी ब्रश धुतलेलं गुलाबी पाणी दोन बाटल्यांत भरलं. एकीत पांढरी पावडर, एकीत पिवळी. शेडच्या खिडकीतल्या उजेडात, न दिसणारे किरण अडवणारी फिल्म लावलेल्या पेटीत ठेवल्या. "लक्ष ठेव," म्हणाले, आणि रोह्याला डॉक्टरकडे गेले.

पिवळीच्या बाटलीवरचं लेबल ओलं होतं. आमच्या कारखान्यात ओलं दिसलं की उन्हात. हात आपोआप जातो. मी ती बाटली बाहेर उन्हात ठेवली आणि मित्राची नवी बाईक बघायला गेलो. आलो तर दुपार सरलेली. पाणी नितळ. बाटली गुपचूप पेटीत ठेवली.

सर आले. पांढरीचं पाणी गुलाबीच, पिवळीचं साफ. माझा हात धरून म्हणाले, "झालं रे! तुझ्या हाताला यश हाय!" आणि लगेच वहीत लिहून टाकलं. तेव्हा कसं सांगणार? उद्या सांगू म्हटलं. पुढं सरांना शेडपर्यंतही चालवेना. पुन्हा करून बघणं राहिलं. रोज भेटायला जायचो, रोज ते वहीतलं तेच पान दाखवायचे. रोज मी हसायचो.

आत्ता धाटावच्या कंपनीचे साहेब तुमच्यासमोर म्हणाले, या वहीवरून कंपनीत रंगाचं पाणी साफ करायची टाकी बांधू, छपराखाली, दिव्यांच्या उजेडावर. काकींनी वही माझ्या हातात दिली. "तूच चालव रे बाबा," म्हणाल्या. तुम्ही सगळे मान हलवत होतात. कुठं पळू?

साहेब, टाकी बांधू नका. रंगाचं पाणी तसंच नदीत जाईल. त्या पानावर सरांची चूक नाय, माझी हाय. पिवळी पावडर छपराखाली चालते की नाय, कुणालाच माहीत नाय. पुन्हा करून बघावं लागेल.

काकी, हे घरी येऊन सांगायला हवं होतं. धीर झाला नाय.

आता सगळे उभे राहूया. मी फार दिवस गप्प राहिलो, ते स्वतःसाठी. ही दोन मिनिटं सरांसाठी.