आरोग्य चौकातून बाहेर पडताना

लेक : सकाळपासून ते आत अडकलेत आणि तुम्ही मला फोन आत्ता करताय?

पहारेकरी : ते तुमचे वडील आहेत हे आत्ता कळलं, मॅडम. सकाळपासून नुसतेच एक आजोबा होते.

लेक : आधी दार उघडा.

पहारेकरी : ते माझ्या हातात कुठे आहे? आतल्या दांड्यावर पंजा ठेवायचा. नाडी भरभर चालत असली तर दार उघडतं. नसली तर मशीनमधल्या बाई म्हणतात, ‘छान, अजून एक फेरी मारा.’ चौकात आलेला माणूस घाम गाळल्याशिवाय घरी जाता कामा नये, हे तुम्हीच मला शिकवलंत.

लेक : मला नका सांगू, चौक मीच बांधलाय. किल्ली द्या.

पहारेकरी : किल्ली ठेवलेलीच नाही. किल्ली असली की लोक ओळखी काढतात, असं तुम्हीच मीटिंगमध्ये म्हणाला होतात. सगळ्यांनी मान डोलावली होती. मीसुद्धा.

लेक : बाबा, ऐकू येतंय का? इकडे जाळीपाशी या.

बाबा : आलो, आलो. किती वाळलीस गं, बबडे.

लेक : इथे बबडी म्हणू नका.

पहारेकरी : मी काही ऐकलं नाही, मॅडम.

लेक : बाबा, तुमच्या छातीत पेसमेकर आहे. तुम्ही आत शिरलातच कशाला?

बाबा : त्यानेच तर घोळ घातला. फेऱ्या मारून मारून माझे गुडघे बोलायला लागले, पण छातीतलं यंत्र आपलं ठरलेल्या चालीने चाललंय. तुझ्या दाराला वाटतंय म्हातारा अंगचोर आहे.

लेक : मी तुम्हाला स्वतः घेऊन येणार होते ना?

बाबा : हो. मीही सगळ्यांना तेच सांगतो, लेक येणारच आहे म्हणून. मग म्हटलं, ती यायच्या आधी एकदा बघून ठेवावं.

लेक : मशीनवाल्यांना फोन लावलाय. संध्याकाळी माणूस पाठवतो म्हणाले. तोवर एका जागी शांत राहा.

बाबा : शांतच आहे मी. तीच तर अडचण आहे.

लेक : आणि ती बाकीची माणसं कोण? कुंड्या कुणी ओढल्या मधोमध?

बाबा : आम्हीच. ते टोपीवाले पोस्टमन. आयुष्यभर सायकल हाणली, त्यामुळे नाडी इतकी संथ की काही केल्या वर चढत नाही. आणि त्या योगाच्या बाई. त्यांना दमवून काही होईना, तेव्हा म्हटलं निदान राग तरी आणू. पोस्टमन त्यांना तोंडावर म्हणाले, तुमचं नाक वाकडं आहे.

लेक : मग?

बाबा : आभारी आहे म्हणाल्या.

पहारेकरी : म्हणजे बघा मॅडम, अगदी ठणठणीत होते ते अडकले, आजारी होते तेही अडकले. अधलेमधले सगळे सुटले. उद्घाटनाला आलेले महापौर तर सगळ्यांत आधी. भाषणाला एवढे घाबरले होते की दांड्याला हात लागायचा अवकाश, दार उघडलं. बाईंनी त्यांना शाब्बास म्हटलं.

लेक : पण कुंड्या कशाला हलवायच्या? मी एकेक झाड जागा बघून लावलंय.

बाबा : मग बसायचं कुठे? अख्ख्या चौकात एक बाक नाही.

लेक : मुद्दामच नाहीये. बसून बसूनच माणसं आजारी पडतात, बाबा.

बाबा : असेल. मी घरी बसूनच असतो. पण तिथे समोर कुणी नसतं. तुझी आई गेल्यापासून एवढा वेळ बोललो नव्हतो. आवाज बघ कसा घोगरा झालाय.

लेक : मला वाटलं सर्दी झाली.

बाबा : सर्दी झाली असती तर फोनवर सांगितलं असतं. फोन तू करतेस की. घाईत करतेस, पण करतेस.

लेक : बाजूला व्हा हो, मी आत जाते.

पहारेकरी : आत जाणं सोपं आहे, मॅडम. पण मग परत यायला फेऱ्या माराव्या लागतील.

लेक : मारीन.

(फिरतं फाटक ढकलून ती आत जाते आणि दांड्यावर हात ठेवते. बाईंचा आवाज येतो, ‘शाब्बास, या बाहेर.’ दार उघडतं.)

पहारेकरी : एकही पाऊल न चालता? कमाल आहे.

लेक : मशीन बिघडलंय.

बाबा : हात दे इकडे. मनगट. अगं, केवढी धडधडतेय ही. कधीपासून असं?

लेक : माहीत नाही. काम सुरू झाल्यापासून असेल. झोप लागत नाही नीट. जिना चढले नाही तरी चढल्यासारखं वाटतं.

बाबा : डॉक्टरांना दाखवलंस?

लेक : चौक झाला की दाखवणार होते. ते जाऊ दे. मी दांडा धरून ठेवते, तुम्ही तिघं पटकन बाहेर पडा.

बाबा : पोस्टमनची गोष्ट अर्ध्यात आहे. एका बाईच्या घरी ते वर्षभर कोरी पाकिटं टाकत होते, कारण ती रोज दारात वाट बघत उभी असायची. ती एक दिवस पाकिटं घेऊन थेट ऑफिसात आली. पुढे काय झालं ते त्यांना सांगू दे, मग जाऊ.

लेक : बाबा, प्लीज.

बाबा : तू आधी श्वास घे. सावकाश. मी धरलंय मनगट.

पहारेकरी : मॅडम, दाराकडे लक्ष द्या. बंद होतंय.

लेक : कसं काय? माझा हात आहे ना दांड्यावर.

पहारेकरी : हात आहे. नाडी उतरली तुमची. ऐका, ‘छान, अजून एक फेरी मारा’ म्हणतायत बाई.

लेक : शी. आता मीही आत.

पहारेकरी : मशीनवाल्यांचा माणूस आला की सांगतो. तोवर माझी खुर्ची जाळीवरून आत देऊ का? नियमात बसत नाही, पण माणूस तरी बसेल.

लेक : द्या. आणि उद्या मला आठवण करा, बाकं सांगायची आहेत. पाठ टेकता येईल अशी.

पहारेकरी : किती सांगू?

लेक : ते उद्या बघू. खुर्ची योगाच्या बाईंना द्या, बाबा. मी इथे टेकते.

बाबा : त्या कुंडीवर नको, ओली आहे. इकडे ये, माझ्याजवळ जागा आहे.