देशी गवत

बडोद्यात विश्वामित्री नदीकाठच्या नव्या निसर्गउद्यानाच्या तिकिटाच्या रांगेत सुभानपुऱ्याची मोहना उभी होती, तिच्यापुढे एक वयस्क जोडपं. मराठी ऐकून तिने कान टवकारले.

"अहो, हे आपलंच शेत ना?"

"होतं. आता त्याचा निसर्ग झालाय."

"पाटीवर काय लिहिलंय?"

"देशी गवत, उपटू नये. चाळीस वर्षं मी हेच उपटत होतो."

"आणि नीलगाई?"

"त्यांना इथे अभय आहे. मी थाळ्या बडवून हाकलायचो."

"सुटल्या बिचाऱ्या तुमच्या तावडीतून!"

खिडकीतल्या मुलीने हसून विचारलं, "काका, पहेली वार आव्या?"

"हा बेन, पहेली वार."

"अहो, खोटं कशाला बोलता?"

"खोटं काय त्यात? तिकीट काढून पहिल्यांदाच येतोय ना!"