बाबांच्या मयताची वाइन

थांबा हो एपिने काका, पोकलेन चालू करू नका — आधी ऐका. बाबांनीच बोलावलंय तुम्हाला, ठाऊक आहे मला. पण काल मी ऑस्ट्रेलियाहून आले ना, तेव्हा वाटलं होतं, बाबा गळ्यात पडून रडतील, मी सावरीन. मग दोघं मिळून ग्रातियाँच्या द्राक्षवेली छाटू. त्याच्याइतक्या चांगल्या नाही जमल्या तरी भावाच्या वेली आहेत, छाटू. आणि बघते तर काय — बाबा शिट्टी वाजवत बटाटे सोलतायत! म्हणाले, "आलीस? उद्या वेली निघतायत. जर्दाळू लावतो. जर्दाळूला कुणाच्या मयताची वाट बघावी लागत नाही."

हसताय काय? मीही हसले — आधी. मग तळघरात गेले, बाबांचं वाइनचं लाकडी पिंप वाजवून पाहिलं. रिकामं! तुमचंही असेल की घरी, स्वतःच्या मयताला लोकांना पाजायला राखलेलं, शेजारी वाळलेलं चीज. सगळ्यांचं असतं. ग्रातियाँचं नव्हतं. सव्विसाव्या वर्षी कोण भरतं हो? दरड कोसळली, पोर गेलं, आणि बाबांनी त्याच्या मयताला आपलं पिंप उघडलं. तुम्हीही प्यायलात. कशी होती चव? — नको, सांगू नका. मला विमानच मिळालं नाही. मिळालं असतं तरी — काय केलं असतं मी? "परत भरू या," म्हटलं बाबांना, तर म्हणाले, "माझ्या मयताला पाणी पाजा. पोराला पाजून झालं, आता कुणासाठी पिळू?" कुणासाठी! मी समोर उभी होते, काका. समोर!

पण त्यांचं तरी काय चुकलं? परतीचं तिकीट होतं माझ्या पिशवीत. तिकडे ऑस्ट्रेलियात वर्गात भाषणं ठोकायची मी — रेझ द्राक्षाची जुनी वेल मेली तर आमचा डोंगर मुका होईल, वगैरे. टाळ्या पडायच्या. आणि इथे राहणार किती, तर दोन आठवडे — जाऊ द्या ते.

आज उजाडताच पिंपात पाणी ओतलं. फळ्या सुकल्यात, फुगायला हव्यात, नाहीतर गळेल. बाबा दारात येऊन म्हणाले, "माझ्यासाठी कशाला मरतेस?" म्हटलं, तुमच्यासाठी नाहीच. माझ्या मयतासाठी भरणार आहे. याच वेलींची वाइन, याच तळघरात, मी म्हातारी होऊन मरेन तेव्हा उघडायची. — आणि बाबा? भिंतीला टेकून खाली बसले, आणि मग रडले.

म्हणून म्हणते, वळवा ती गाडी. आणि वर घरी जाऊ नका आत्ता. कुणालाच भेटायचं नाहीये त्यांना.