तात्पुरता नंबर

रखमाजी : मंजी परवा फोनवर आलेला सांगावा माजा नव्हताच?

सारिका : नव्हता, आबा. आपला कुरवंड्याचा ओढा परवा गुडघाभरही नव्हता.

रखमाजी : अन् मी दोन्ही म्हशी सोडून माळावर नेल्या. ‘पाणी चढलंय, जनावरं हलवा.’ लेकीनं केलेलं यंत्र खोटं बोलंल व्हय?

सारिका : खोटं नव्हतं. पण पाणी दुसऱ्या गावचं होतं. पाणी चढलं की मेसेज धाडणारा आमचा प्रोग्राम त्यांनी फुकट उतरवून घेतला, त्यांच्या ओढ्यावर बसवला. लोकांचे नंबर भरायचे राहिले. यादी रिकामी असली की मेसेज तुम्हाला येतो, आणि तिकडे वाटतं सगळं नीट चाललंय.

रखमाजी : मलाच का?

सारिका : सुरुवातीला तपासायला मीच तुमचा नंबर टाकला होता. प्रोग्राममध्ये त्याच्या शेजारी लिहिलंय, ‘तात्पुरतं. भातलावणी झाली की काढू.’

रखमाजी : कंदी लिवलंस?

सारिका : आठ वर्षं झाली.

रखमाजी : आठ लावण्या झाल्या की गं!

सारिका : तेव्हा आम्ही सात जण होतो. नोकरी सांभाळून, हौसेनं करायचो. एकेक जण गळाला. आता साठ गावं वापरतात आणि बघणारी मी एकटी. वर नवं जोडत जाते, खालचं तसंच राहतं.

रखमाजी : खेकडा बांधाला भोक पाडतो. आपन चिखलाचा बोळा कोंबतो. तेवढ्यापुरतं भागतं. पन उकरून नीट घातला न्हाई, तर एक दिस बांधच जातो. त्या गावात काय झालं?

सारिका : माणसं वाचली. गोठ्यातली चार जनावरं गेली.

रखमाजी : दावनीलाच व्हती?

सारिका : हो. आबा, नंबर मी आत्ता काढू शकते. प्रोग्राममधलं लिखाण सगळ्यांना उघडं असतं, पण वाचतं कोण? कुणाला कळणारही नाही. नाहीतर सगळंच बंद करून टाकावं वाटतं. फुकट राबायचं, वर हे पाप.

रखमाजी : इर्जिकीला, दुसऱ्याचं रान नांगरून द्यायला आलेला गडी फुकटच राबतो. पन त्याचा फाळ दुसऱ्याच्या बैलाला लागला, तर ‘मी फुकट आलतो’ म्हनतो व्हय?

सारिका : नाही म्हणत.

रखमाजी : मग साठी गावांला सांग, भोक कुटं हाय ते. अन् गडी बोलाव. इर्जिकीचं बोलावनं धाडायला लाज कसली?

सारिका : सांगते. त्या गावालाही मीच फोन करते.

रखमाजी : कर. पन आदी मला लावून दे.

सारिका : तुम्ही काय बोलणार, आबा?

रखमाजी : तुमच्या पान्याचा सांगावा माज्याकडं आलता. म्या माज्याच म्हशी हलवल्या.