माझ्या घराचं गेट

तुमची नातवंडं मोबाइल सोडत नाहीत म्हणता, माझ्याकडे तर केस पिकलेला मुलगा सोडत नव्हता. मी चौथीत शाळा सोडली आणि पुढचं सगळं स्वतः वाचून शिकले. त्यामुळे नात इथे कुवेतमध्ये वाढली तरी तिला मराठी वाचायला मीच शिकवणार, हे ठरलेलं. त्या शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, ईरा पहिल्यांदाच अख्खी गोष्ट बापाला वाचून दाखवायला बसली. दोन ओळी झाल्या की याचा फोन वाजायचा, हा "एक मिनिट हं" म्हणून खाली बघायचा आणि पोरीची ओळ हरवायची. शेवटी तिने पुस्तक मिटलं.

"लीव्ह इट, आजी."

मी मुलाला विचारलं, "रिफायनरीत जाताना फोन कुठे ठेवतोस?"

"गेटवर जमा करतो. आत गॅस असतो आई, एक ठिणगी पुरते."

"तिथे म्हणतोस का, एक मिनिट हं?"

"घरी कुठे आग लागतेय?"

"तिने पुस्तक मिटलं ना, ते पुन्हा उघडेलच असं तुला कोणी सांगितलं?"

मी हात पुढे केला. "हे माझं गेट. दे इकडे." फोन चपलांच्या कपाटात ठेवला.

ईराने पहिल्यापासून वाचायला घेतलं. शेवटच्या पानावर आली आणि कपाटात फोन वाजला. हा अर्धा उठलाच. मी तोंड उघडणार, तोच ओळीवरचं बोट न हलवता ती म्हणाली, आणि तेही मराठीत,

"बाबा, तू गेटच्या आत आहेस."